भरतीघराचं त्रेचाळिसावं पान

३ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण महिनाभर कंबर धरली आहे, आणि या पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तेव्हा उभ्याउभ्याच घालतो.

गुडघे कसे आहेत? भाची म्हणाली, आता तू जिना चढतेस. जावईबापूंनी तुला खालची खोली दिली, तर तू म्हणे त्यांच्या सगळ्या पुस्तकांना नंबर घालून ठेवलेस. आता बिचाऱ्यांना स्वतःच्या घरात स्वतःचं पुस्तक घ्यायचं तर चिठ्ठी लिहून ठेवावी लागते. इकडे सगळं ठीक. हिचं साखरेशी आणि माझं संपादकांशी युद्ध चालू आहे, तह कुठेच होत नाही. सदर अजून चालतंय. वाचकांना कंटाळा येईपर्यंत लिहायचं असं ठरलं होतं. वाचक माझ्यापेक्षा चिवट निघाले.

पत्राला तीन वर्षं लागली खरी. फोनवर आपण बोलतोच, म्हणजे मी भाचीशी बोलतो आणि ती म्हणते, "आई आंघोळीला गेलीय." इतक्या आंघोळी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. असो.

मुख्य बातमी अशी की भरतीघराची दुरुस्ती संपली.

तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस. धक्क्याच्या टोकाला, दोन खोल्यांचं, वडाच्या मुळ्यांनी गच्च आवळलेलं ते दगडी खोकं आता चक्क घरासारखं दिसतं. मुळ्या एकेक करून सोडवल्या. म्हातारे गवंडीबाबा चुन्याचा गिलावा मुरवत चार महिने बसले. आमच्या समितीने घाई केली तर म्हणाले, "सिमेंट थापून देतो की आठवड्यात. मग दहा वर्षांनी भिंत पडेल तेव्हा मला बोलावू नका, मी वर असेन." मधल्या खोलीतली विहीरही उपसली. लहानपणी आपल्याला वाटायचं की तिला तळ नाही. तळ आहे, आणि तळाशी समुद्राकडे जाणारा नळ अजून शाबूत आहे. साहेबाच्या अमलात हे घर बांधलं ते या विहिरीसाठी: नळातून समुद्राचं पाणी आत यायचं, त्यावर तांब्याचा गोळा तरंगायचा, आणि भरती-ओहोटीबरोबर तो वरखाली झाला की वर फिरत्या कागदावर पेन्सिलीची रेघ उमटायची. विहिरीत अकरा चपला निघाल्या, एकीचीही जोडी नाही. शिवाय एक कवळी. समितीतले दातांचे डॉक्टर कवळीवर फार खूष झाले. "काम कसबी माणसाचं आहे," म्हणाले, आणि रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

उद्घाटन अठ्ठावीस तारखेला आहे, मंत्री येणार आहेत. दाराशी माहितीचा फलक लागेल. तो मी लिहायचा असं ठरलंय, कारण विनोदी लेखक थोडक्यात लिहितात असा समितीचा समज आहे.

पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली आहे. संकोच करू नकोस. ते मागचं प्रकरण, म्हणजे फाइलीत निघालेलं गव्हर्नरच्या मड्डमेचं पत्र, मग ते बनावट ठरणं, मग तुझ्यावरची ती चौकशी, हे आता कुणाच्या लक्षातही नाही. चौकशीच्या आठवड्यात मी बाहेरगावी होतो, नाहीतर आलोच असतो, हे तू जाणतेसच. जे झालं ते झालं. इमारत वाचली, हे महत्त्वाचं.

गाडी पाठवतो. येच.

तुझा,
ढब्बू

ता. क. कार्यक्रमाला तुझी ती दप्तरखान्यातली खुर्चीवरची उशी आणायची गरज नाही. खुर्च्या गादीच्या आहेत.

---

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार, आणि कार्ड मिळाल्याची पोच.

तीन वर्षांनी तीन वाक्यं. "कार्यक्रमाला येणार नाही. गुडघे बरे आहेत. फलकावर काय लिहिणार ते कळव." हिने कार्ड वाचलं आणि म्हणाली, "तिसरं वाक्य तुमच्यासाठी आहे." मी म्हटलं, तिन्ही माझ्यासाठीच आहेत. "नाही," ती म्हणाली, "पहिली दोन कुणालाही चालली असती."

तर फलक. पहिला खर्डा मी समितीपुढे ठेवला. बांधकामाचं वर्ष, दगड कुठल्या खाणीतला, भरती कशी मोजत, आणि एकतीस वर्षं ती मोजणारे भरतीमास्तर. अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मड्डम कुठाय?"

"मड्डम खोटी होती, सर."

"ते आपल्याला माहीत आहे. मंत्र्यांना कुठाय माहीत?"

डॉक्टर म्हणाले, "त्यात काय, 'असे म्हणतात' घाला. 'गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी या खिडकीत बसून समुद्राची चित्रे काढत, असे म्हणतात.' कोण म्हणतं विचारलं तर मी म्हणतो."

आर्किटेक्ट बाई एरवी खिळा ठोकायलाही पुरावा मागतात, पण त्याही म्हणाल्या, "लोकांना ती हवी आहे हो. त्या खिडकीपाशी उभं राहून फोटो काढतात. भरतीमास्तरांच्या स्टुलापाशी कोण काढणार?"

इथे मी काहीतरी ठाम बोलायला हवं होतं. मी बोललो ते विनोदी होतं. सगळे हसले आणि मड्डम मंजूर झाली. माझ्या विनोदाचं आयुष्यभर हेच झालंय.

म्हणजे फलकावर ती राहील. 'असे म्हणतात'सकट.

तुला हे वाचून कसं वाटेल ते मला कळतं. चार वर्षांपूर्वी तुझ्या दप्तरखान्यात, त्या उंच टेबलाशी, तू मला भरतीमास्तरांच्या नोंदवह्या दाखवल्या होत्यास. धक्क्यावर पार्किंग करायचं म्हणून भरतीघर पाडायची नोटीस लागली होती आणि आमच्या समितीला ते जतन यादीत घालायचं होतं. अर्जात एक रकाना होता: थोर व्यक्तीशी किंवा घटनेशी संबंध. तो कोरा राहिला तर अर्ज पडणार, असं आम्हाला जतन यादीच्या कचेरीतल्या कारकुनानेच सांगितलं होतं. तू म्हणालीस, "याला घाल." आणि मास्तरांच्या वहीतला शेऱ्याचा रकाना दाखवलास. एका ठिकाणी लिहिलं होतं, "मांजर विहिरीत पडले. काढले. आकडा संशयास्पद." दुसऱ्या ठिकाणी, "डुलकी लागली. आकडा नाही." आणि पुढे रिकामी चौकट. तू त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून म्हणालीस, "एकतीस वर्षांत याने एकही आकडा मनाने भरलेला नाही. पाहायला कुणी नव्हतं, तरी."

मी म्हटलं, "ताई, डुलकीला कोण मार्क देणार?"

तूही हसलीस. थोडंसं.

मग आर्किटेक्ट बाईंना बांधकामाच्या फाइलीत मड्डमेचं पत्र मिळालं. तू नक्कल खरी असल्याचा शिक्का मारून दिलास, रकाना भरला, भरतीघर यादीत गेलं. वर्षाने कुठल्याशा विद्यापीठातल्या संशोधिकेने दाखवून दिलं की पत्रावर जी तारीख आहे त्या तारखेला मड्डम आपल्या मायदेशी जुळ्यांना जन्म देत होत्या. एकाच वेळी दोन खंडांत असणं गव्हर्नरांच्या बायकोलाही जमत नाही, त्यातून बाळंतपणात. खात्याने इमारतीला हात लावला नाही. दुरुस्तीचा हुकूम निघून गेला होता, आणि सरकारात चूक मागे घ्यायला नवा अर्ज लागतो, चालू ठेवायला काहीच लागत नाही. हात लागला तो तुला. फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तू स्वतः लिहिलेला पानांचा आकडा खोडलेला निघाला, बेचाळिसाचे त्रेचाळीस. सेवापुस्तकात शेरा बसला, "अभिलेखात फेरफार". निवृत्तीला दोन वर्षं असताना तुला कोऱ्या फॉर्मांच्या गोदामात बसवलं. तू महिन्याभरात राजीनामा देऊन भाचीकडे गेलीस.

हे सगळं तुलाच का सांगतोय? पुढचं लिहायचं टाळतोय म्हणून.

त्याच महिन्यात माझ्या सदरात 'बाई, पानं मोजा' असा लेख आला. बंद कपाटात कागदांना पिल्लं होतात, आणि दप्तरखान्यातल्या बाई सकाळी येऊन त्यांचं बारसं करतात, असा. नाव अर्थात कुणाचंच नव्हतं. एकशे बारा वाचकांची पत्रं आली. तुझ्या साहेबांनी तो कापून कचेरीतल्या सूचनाफलकावर लावला होता, हे मला फार नंतर कळलं. तू तो वाचला असशीलच. तू माझं सदर कधी चुकवत नसायचीस.

तो मी का लिहिला, याचं उत्तर आजच्या पत्रात मावणार नाही. फलकावरची मड्डम काढता येईल का, पाहतो. त्यासाठी मूळ फाइल एकदा बघून येतो म्हणतो.

तुझा,
ढब्बू

---

२० नोव्हेंबर

ताई,

सोमवारी दप्तरखान्यात गेलो होतो.

तुझ्या जागी आता तुझीच जुनी मदतनीस आहे. ती, जिला तू दहा वर्षं "अगं ए" म्हणायचीस. आता डोळ्यांवर चष्मा आहे आणि आवाज हुबेहूब तुझा. मी आत शिरलो तर टेबलावरून मान वर न करता म्हणाली, "पेन बाहेर ठेवा. आत पेन्सिल मिळेल. इथे सही करा."

मी म्हटलं, "अहो, मी ताईंचा भाऊ."

"म्हणूनच दोन करा," ती म्हणाली.

केल्या. येण्याची वेळ लिहिली. तिने फाइल आणून दिली आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, माझ्या हातांकडे बघत. मी मड्डमेच्या पत्राकडे गेलो नाही, पुठ्ठा उघडला. तुझं अक्षर. 'एकूण पाने ४२', त्यावर एक सरळ रेघ, खाली 'एकूण पाने ४३', तुझी सही, तारीख, आणि तुझ्या सवयीप्रमाणे वेळसुद्धा. १७ जुलै, सायंकाळी ५.४०.

मी तो खोडलेला आकडा आधी कधी पाहिला नव्हता. ऐकला होता फक्त. तारीख तर ऐकलीही नव्हती.

तिला विचारलं, "हे असं वेळेसकट का लिहिलंय?"

"ताई फाइल हातावेगळी झाली की मोजल्याशिवाय कपाटात ठेवत नसत. कुणी पाहून गेलं की लगेच मोजायच्या. त्या दिवशीही मोजली असणार." मग म्हणाली, "तेच तर त्यांना भोवलं. पत्र मिळालं अठ्ठावीस तारखेला. यांनी आकडा बदलला सतराला. चौकशीवाले म्हणाले, म्हणजे पान आहे हे बाईंना अकरा दिवस आधीच माहीत होतं, म्हणजे बाईंनीच घातलं. तीनदा विचारलं त्यांनी, 'सतरा तारखेला फाइल पाहायला कोण आलं होतं?' येणाऱ्यांच्या सह्यांची नोंदवही कोरी. ताई म्हणाल्या, 'कुणी नाही.'"

सतरा जुलै. माझा पन्नासावा वाढदिवस. तू नोंदवही माझ्यापुढून बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "आज राहू दे, वाढदिवसाला कसली सही." तुझी उशी मला बसायला दिलीस. चहा मागवलास. फाइल माझ्यापुढे ठेवून भरतीमास्तरांची आणखी एक वही शोधायला माळ्यावर गेलीस. दहा मिनिटं गेली असतील. मी पाच वाजता निघालो.

आता लिहितोच. पत्र मी लिहिलं होतं.

तुला हे माहीत आहे. तरी मी लिहायला हवं. रद्दीवाल्याकडून जुनी वही घेतली, तिची मागची कोरी पानं छान पिवळी पडली होती. टाक आणला, शाई पातळ केली, साहेबाच्या भाषेतले जुने पत्रलेखनाचे नमुने वाचून तिसऱ्या खेपेला जमलं. सुरुवातीला ती थट्टाच होती. 'ज्या घरात गोरा माणूस शिंकला नाही ते घर जपायच्या लायकीचं नाही' या विषयावर मी लेख लिहिणार होतो, आणि त्यात मड्डमेचं पत्र नमुना म्हणून छापणार होतो. मग मला ते पत्र आवडायला लागलं. तिच्या तोंडी मी एक वाक्य घातलं होतं, 'या खिडकीतून समुद्र माझ्याशी आदबीने वागतो.' त्या वाक्यावर मी इतका खूष झालो की लेखात वाया घालवावंसं वाटेना. वर स्वतःला सांगितलं, इमारत वाचते आहे ना, मग बिघडलं कुठे? घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि तुझी पावलं माळ्यावर वाजत असताना एकोणीस आणि वीस नंबरच्या पानांमध्ये सरकवलं. मग आर्किटेक्ट बाईंना म्हटलं, "बांधकामाची फाइल एकदा नीट चाळा बरं."

सगळी वर्षं मी मनाशी धरून होतो की तुला काही ठाऊक नव्हतं. आर्किटेक्ट बाईंच्या शोधानंतर तू गडबडलीस, आपलीच मोजणी चुकली असं समजून आकडा दुरुस्त केलास, आणि बिचारी अडकलीस. या गोष्टीत मी वाईट होतो, पण तू जरा बावळट होतीस, आणि त्यामुळे माझा वाईटपणा वाटला जायचा. त्या लेखातली बाई मी तिथूनच उचलली. तू बावळट आहेस हे छापून आलं की मला बरं वाटणार होतं.

वाटलंही. दोनेक दिवस.

सोमवारी त्या टेबलाशी कळलं की मी दारातून बाहेर पडल्यावर चाळीस मिनिटांत तू पान पाहिलं होतंस. तुझ्या धाकट्या भावाचं साहेबी वळण तू ओळखलं नसशील असं कसं होईल? शाळेत माझ्या सगळ्या रजेच्या अर्जांवर बाबांची सही मी करायचो आणि तू बघायचीस. तू ते पान फाडू शकली असतीस. चुलीत घालून मोकळी झाली असतीस, मला कधी कळलंही नसतं. पण दप्तरातला कागद तू नष्ट कसा करशील? तू फक्त मोजलंस, त्रेचाळीस भरली, त्रेचाळीस लिहिलंस. पुढे नक्कल दिलीस तीही फाइलीतल्या कागदाबरहुकूम होती. तिथपर्यंत तुझं एकही अक्षर खोटं नव्हतं.

आणि मध्ये अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांतला रविवार मला परवा आठवला आणि मी खुर्चीतून उठून उगाच गॅलरीत जाऊन आलो. तू जेवायला आली होतीस. ही भांडी आवरत होती. तू पायऱ्यांवर चपला घालताना मला विचारलंस, "माझ्याकडे काही विसरलास का रे?"

मी म्हटलं, "नाही बुवा. छत्री तर घेऊन आलो."

तू बराच वेळ चपलेचा पट्टा लावत होतीस. मला वाटलं, गुडघे.

चौकशीच्या आठवड्यात मी बाहेरगावी नव्हतो. घरातच होतो. हिला सांगून ठेवलं होतं, फोन आला तर नाही म्हणून सांग. शुक्रवारी दुपारी तुझ्या कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो, एकाच कागदाच्या नकला काढत. तू बाहेर आलीस. एका हातात उशी, दुसऱ्या हातात डबा. पायरीवर थांबून तू दोन्ही बाजूंना पाहिलंस, रस्ता ओलांडताना बघतात तसं. रस्ता ओलांडला मात्र नाहीस. मी यंत्राच्या मागे झालो. दुकानदार म्हणाला, "अजून किती काढू?"

'कुणी नाही.' एकतीस वर्षांच्या नोकरीत तू एवढंच एक खोटं बोललीस. भरतीमास्तरांची तितकीच वर्षं झाली होती, त्यांना तेवढंही बोलावं लागलं नाही. त्यांना भाऊ नसावा.

मंगळवारी अभिलेख खात्यात जाऊन लेखी जबाब दिला. त्याचाही इतिहास सांगतो, कारण आता लपवायचं तरी कशाला. पहिला खर्डा मी असा केला होता की दप्तरदार बाई नको म्हणत असताना मी चोरून आत शिरलो, त्यांना माझा पत्ताही नव्हता. वाचायला फार छान होता. तुझ्यावर डाग नाही, माझ्यावर सगळा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. हिला दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा पत्र लिहिलंत वाटतं."

फाडला. दुसरा खरा आहे. त्यात तू नोंदवही बाजूला सारल्याचं आहे, मला फाइलीपाशी एकटं सोडल्याचं आहे, आणि 'कुणी नाही' हे खरं नव्हतं, हेही आहे. ते गाळून माझा जबाब उभाच राहत नव्हता. मी खूप पाहिलं गाळून.

खात्याचे साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "आता कशाला उकरता हे? बाई नोकरी सोडून गेल्या, इमारत उभी आहे, सगळे सुखात आहेत."

"सगळ्यांची यादी दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी कागद ठेवून घेतला. पोच दिली.

समितीत काय झालं ते थोडक्यात. हेडमास्तर म्हणाले, "दहा दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मंत्री येऊन गेले असते." डॉक्टर माझ्याकडे दात दुखत असलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. आर्किटेक्ट बाई मात्र रडल्या. तीन वर्षं त्या स्वतःला दोष देत होत्या की आपल्यामुळे ताई अडकल्या. ते पत्र आपल्याला दिसलंच नसतं तर. मला हे माहीतच नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्ही वाचवलीत ती इमारत आणि आता तुम्हीच पाडायला निघालात." उद्घाटन रद्द झालंय. जतन यादीतलं नाव राहायचं की नाही, यावर पुढल्या महिन्यात सुनावणी आहे. नवा अर्ज मास्तरांच्या नोंदवह्यांवर करायचा म्हणतात. तो टिकेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पार्किंगवाले धक्क्यावर टेप घेऊन मोजताना दिसले. संपादकांनी सदर थांबवलं. "विनोदी सदर आहे हो, कबुलीजबाब कुठे छापू?" म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे.

हे पत्र तुला उद्या-परवा मिळेल. आणि बहुधा त्याच आठवड्यात खात्याची नोटीसही येईल. प्रकरण पुन्हा उघडलंय, तुझा जबाब घेतील. गुडघ्यांमुळे तुला इकडे यावं लागू नये म्हणून अर्ज केलाय, त्यांचा माणूस तुझ्याकडे येईल. पुन्हा एकदा एका खुर्चीवर बसून तुला उत्तरं द्यावी लागणार, आणि तीही माझ्यामुळेच. मी गप्प बसलो तेव्हाही तुलाच भोगावं लागलं, बोललो तरी तुलाच. यातून तिसरी वाट निघते का, मी शोधली. माझ्या आवडीच्या सगळ्या वाटा खोट्या निघाल्या.

माफ कर, असं लिहिणार होतो. लिहून पाहिलं. माझ्या हातून ते वाक्य इतकं सफाईने उतरलं की खोडून टाकलं.

ते तुला विचारतील, १७ तारखेला कोण आलं होतं. आणि विचारतील, पान कुणी घातलं हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का. काय सांगायचं ते तू ठरव, त्यात मी काही सुचवणार नाही. एवढंच मागतो, ताई.

या खेपेला मला वाचवू नकोस.

तुझा धाकटा भाऊ